अर्धी गोळी

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पहिल्या दिवसापासून एक नोटीस होती, आणि ती आठवली की माझं डोकं अजून फिरतं. 'नोकर, फेरीवाले, टपालवाले व पाळीव प्राणी यांनी जिन्याचा वापर करावा. आज्ञेवरून.' आज्ञा कोणाची, ते लिहिलं नव्हतं, पण आम्हाला ठाऊक होतं. सेक्रेटरी पाटकरकाकांनी ती पेंटरकडून लाल रंगात लिहून घेतली होती. माझे बाबा पोस्टमन होते आणि आमच्या घरात एक म्हातारी कुत्री होती. म्हणजे एका ओळीत आमचं निम्मं घर जिन्यात. हेच पाटकरकाका दोन वर्षांपूर्वी जुन्या इमारतीत आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहत होते, गॅलरीत लुंगी वाळत घालत होते आणि पाणी आलं नाही की आमच्याच नळावर बादली लावत होते. माणसाला लिफ्ट मिळाली की त्याला आपले जुने पाय आठवेनासे होतात, हे मी त्या वर्षी शिकले.

आमची जुनी इमारत मुलुंड पूर्वेला होती, दोनच मजल्यांची, पुढे फरशीचं छोटं अंगण. ती पाडून बिल्डरने सात मजले उभे केले आणि आम्हाला पाचवा दिला. आई खूश होती, कारण नव्या घरात स्वयंपाकघराला खिडकी होती. मी बारावीत होते आणि मला स्वतःची अशी एक भिंत मिळाली होती. बाबा काय होते ते कळलं नाही, त्यांचं कधी कळायचंच नाही. आणि बुंदीला कोणी विचारलं नव्हतं. बुंदी म्हणजे आमची कुत्री. पिवळट अंगावर तांबूस ठिपके, म्हणून बुंदी. पोस्टमनचं आणि कुत्र्यांचं वैर जगजाहीर. बाबांना नोकरीत दोनदा कुत्रं चावलं होतं, पोटरीवर खूण होती. तरी आपल्या टपालाच्या भागातल्या एका इमारतीच्या मीटरखोलीत हे पिल्लू कुडकुडताना दिसलं तेव्हा त्यांनी ते खाकी शर्टात घालून घरी आणलं. आई म्हणाली, "पत्ता चुकलो काय ह्या टपालाचो?" बाबा म्हणाले, "नाय. आमच्याच नावान इलां हा."

बाबांचा एकच मोठा नियम होता आणि तो घरात सगळीकडे चालायचा: ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात. शेजारणीचं पत्र आमच्याकडे द्यायचे नाहीत, आमचं तिच्याकडे नाही. माझ्या नावाने आलेलं साधं पोस्टकार्डसुद्धा, ज्यावरचं सगळं उघड्यावर असतं, ते आईला वाचू द्यायचे नाहीत. रजिस्टर, म्हणजे सही घेऊन द्यायचं टपाल, असेल तर दार उघडणाऱ्याला आधी नाव विचारायचे. "दुसऱ्याच्या नावावर सही करूची नाय," हे मी लिहायला शिकण्याच्या आधी ऐकलेलं वाक्य आहे. तीस वर्षांत हातून एक पत्र चुकलं नाही, असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. त्यांच्याबरोबरचे लोक म्हणायचे.

नव्या घरात चकचकीत पांढऱ्या टाइल्स होत्या. आई त्या दिवसातून दोनदा पुसायची आणि आलेल्या प्रत्येकाला चपला दाराबाहेर काढायला लावायची. सकाळी मिक्सरवर ओल्या खोबऱ्याचं वाटप फिरायचं, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, खाली भंगारवाला ओरडायचा, आणि या सगळ्यात एक नवा आवाज मिसळला होता: बुंदीची नखं टाइल्सवर सरकल्याचा. उठायला गेली की मागचे पाय दोन बाजूंना फाकायचे, पोट जमिनीला टेकायचं, आणि ती आमच्याकडे बघायची. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. सकाळी तर तिला उठायलाच पाच-दहा मिनिटं लागायची. पुढचे पाय ताठ करायची, मागचं अंग उचलायला जायची, कण्हायची, पुन्हा बसायची. मग एकदा उभी राहिली की चार पावलं लाकडी घोड्यासारखी टाकायची आणि हळूहळू सैल व्हायची.

"म्हातारपण आसा तां," आई म्हणायची. शेजारच्या गोगटेकाकू म्हणायच्या, "वय झालं गं, चालायचंच." पाटकरकाका म्हणायचे, "किती वर्षं ठेवणार आता?" जणू ती फ्रीज होती. मला या सगळ्यांचा भयंकर राग यायचा. म्हातारपण हे उत्तर नसतं. ते म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही, म्हणून लोक ते म्हणतात. आणि वर सगळेच तिला खायला घालायचे. बिचारी म्हणून गोगटेकाकू तुपाची पोळी, बिचारी म्हणून आई बांगड्याचं डोकं आणि रश्शातला भात. बिचारी फुगत होती आणि त्या फुगलेल्या अंगाखाली तिचे पाय रोज थोडे थोडे हार खात होते. रोज दोन वेळा पाच मजले उतरायचे आणि चढायचे, ते वेगळंच.

एका संध्याकाळी मी ठरवलं की बास. बुंदीला खालून फिरवून आणलं आणि सरळ लिफ्टमध्ये घेतलं. ती बिचारी आत येऊन कोपऱ्यात बसली, शेपटी एकदा हलवली. दार लागणार तेवढ्यात पाटकरकाकांनी हात घातला.

"मंजू, नोटीस वाचता येते ना?"

"येते. तिच्यात तुम्ही माझ्या बाबांना पण जिन्यात घातलंय."

"ते बाहेरच्या टपालवाल्यांसाठी आहे गं. बाबांचं काय, ते मेंबर आहेत."

"मग बुंदी पण मेंबरचीच आहे. आणि तुमच्या बायकोच्या हातची पोळी खाऊन मोठी झालीय ती, काका. विसरलात?"

त्यांचा चेहरा पडला, पण हात दारावरून हलला नाही. दोन-चार माणसं जमली. आणि नेमके तेव्हा बाबा कामावरून आले, खाकीत, खांद्यावर रिकामी पिशवी. मला वाटलं, आता आले. आता हे काहीतरी बोलतील. बाबांनी नोटिशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जिन्यान ये." मी हलले नाही. त्यांनी माझ्या हातातला पट्टा काढून घेतला, बुंदीला बाहेर काढलं आणि पायऱ्या चढायला लागले. मी एकटीच लिफ्टने वर गेले. वर दारात उभी राहून मला त्यांचे बूट आणि तिची नखं ऐकू येत होती, एक मजला, थांबा, दुसरा मजला, थांबा. बुंदीसाठी थांबत असतील असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी बाबांशी बोलणं सोडलं.

आमच्या घरातला अबोला गंमतीचा असायचा, कारण आई मध्ये असायची. "आई, त्यांना सांग आमटी वाढून घ्या." "तिका सांग, पंखो बंद कर." दोघंही एकाच ताटापाशी बसलेली. आई वैतागायची, "मी काय तुमचो पोस्टमन आसंय? दिवसभर हे बाहेर वाटतंत, आणि घरात मी वाटूचां?" पण ती निरोप पोचवायची, न चुकता. मग तिच्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि ती पंधरा दिवसांसाठी गावी गेली. घरात मी, बाबा आणि बुंदी. मी भात लावायची, बाबा मासे आणून साफ करायचे, आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही. टाइल्सवर फक्त बुंदीची नखं वाजायची.

त्या आठवड्यात मी तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई बारीक, केस आखूड कापलेल्या, फारसं न हसणाऱ्या. त्यांनी बुंदीचे मागचे पाय एकेक करून मागे-पुढे वाकवले, खुब्यांवर बोटं दाबली, आणि बुंदी कण्हली तशा थांबल्या. म्हणाल्या, खुबे आणि गुडघे झिजलेत, हे जाणार नाही, पण दुखणं पुष्कळ कमी करता येतं. मग त्यांनी सांगितलं ते मी वहीत उतरवलं. वजन उतरवा, पोळी-भात बंद. गुळगुळीत फरशीवर चालू देऊ नका, काहीतरी खरखरीत अंथरा. नखं आणि पंजांमधले केस कापा. जिना नको. एकदम लांब फिरवू नका, थोडं थोडं चार वेळा फिरवा. सकाळी उठवण्याआधी शेक द्या. खाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवा. आणि रोज संध्याकाळी खाण्याबरोबर त्यांच्याकडची एक गोळी. मग पेन ठेवून त्यांनी विचारलं, "घरात कोणाला गुडघेदुखीच्या गोळ्या चालू आहेत?"

"बाबांना."

"त्यातली एकसुद्धा हिच्या पोटात जाता कामा नये. माणसाला चालतं ते हिचं पोट जाळेल, रक्त येईल. घरातल्या प्रत्येकाला आज सांग."

मी हो म्हटलं. वहीत लिहिलं सुद्धा, खाली दोन रेघा मारल्या. घरी आले, बाबा बाल्कनीत पेपर वाचत होते. मी वही दप्तरात टाकली.

बाकी सगळं मी केलं, आणि अगदी त्वेषाने केलं. वाण्याकडून गोणपाटं आणली, दारापासून बाल्कनीपर्यंत अंथरली. तव्यावर जाडं मीठ गरम करून आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलं आणि सकाळी बुंदीच्या खुब्यांवर शेकलं. ती डोळे मिटून मान माझ्या मांडीवर टाकायची. नखं कापली. गोगटेकाकूंच्या दारात उभी राहून सांगितलं की पोळी दिलीत तर मी ती तुमच्याच दारात परत आणून ठेवीन. कॉलेजातून आले तर बघते, गोणपाटं सरकू नयेत म्हणून एकमेकांना शिवलेली. सुतळी आणि दाभण, बाबांच्या हातची ती सरळ टीप मी कुठेही ओळखली असती. मी काही बोलले नाही. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याकडे एक वाक्य होतं आणि ते पोचवायला फक्त तोंड उघडायचं होतं. चिठ्ठीसुद्धा लिहिता आली असती; त्या घरात कागदाला काय तोटा. पण आधी त्यांनी बोलावं, लिफ्टबद्दल चुकलं म्हणावं, मग मी बोलीन, असं मी मनात धरून बसले होते.

दोन-तीन दिवसांत बुंदी सुधारली. सकाळी दोन मिनिटांत उठायला लागली, दारापाशी जाऊन भुंकली सुद्धा. मी मनात म्हटलं, बघा, आम्हाला कळतं. पाचव्या दिवशी सकाळी तिने खाणं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिची शी काळी, डांबरासारखी झाली होती. मग तिला उलटी झाली, गोणपाट आणि पांढऱ्या टाइल्स दोन्हीवर, आणि त्यात रक्त होतं. बाबा दाढी अर्धी टाकून बाहेर आले. अकरा दिवसांनी मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले ते हे: "तुम्ही काय दिलंत तिला?"

त्यांनी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "माझीच गोळी. अर्धी दितंय, बांगड्यातसून. सकाळी तिका उठूक होयना."

मी जे बोलले ते इथे सगळं लिहिणार नाही. त्यातलं एक लिहिते, कारण ते लिहिलंच पाहिजे. मी म्हटलं, "कळत नाही तर हात कशाला लावता? दुसऱ्यांची पत्रं वाटण्यापलीकडे काय येतं तुम्हाला?" बाबांनी तोंडावरचा फेस पुसला, बुंदीला दोन्ही हातांवर उचललं आणि बनियनवरच लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. लिफ्ट उघडली, आत पाटकरकाका. बाबा आत शिरले. कोणी नोटिशीचं नाव काढलं नाही. पाटकरकाकांनी खाली पोचल्यावर दार धरून ठेवलं आणि धावत जाऊन रिक्षा थांबवली, हे खरं तेही सांगते, जरी सांगताना मला त्रास होतो.

दवाखान्यात सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. डॉक्टरबाईंनी मी उचलून आणलेली ती पट्टी हातात घेतली, मागेपुढे बघितली, आणि त्यांचा आवाज चढला. "दोन्ही औषधं एकदम गेलीत हिच्या पोटात. मी स्पष्ट सांगितलं होतं. तुमच्या मुलीला बजावलं होतं की घरात प्रत्येकाला सांग."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, आणि पत्ता वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार. मग ते डॉक्टरबाईंकडे वळले. बाहेरच्यांशी ते एरवी नीट शहरी मराठी बोलायचे, पण त्या दिवशी गावचंच आलं.

"तिनां सांगल्यान हुतां माका. मीच इसारलंय."

डॉक्टरबाई मग त्यांना चांगलं दहा मिनिटं बोलल्या. शिकलेल्या बाईने पोराला बोलावं तसं. बाबा मान खाली घालून होय होय करत होते आणि मी बाजूला उभी होते. एका वाक्याचं काम होतं. पुन्हा एकदा एकाच वाक्याचं. मी ते बोलले नाही.

बुंदी वाचली. चार दिवस दवाखान्यात ये-जा झाली, मग पेज, मग हळूहळू उकडलेलं कोंबडीचं मांस. आई परत आली आणि तिला सगळं कळलं, म्हणजे बाबांनी जसं सांगितलं तसं कळलं. ती महिनाभर त्यांना ऐकवत होती, पाहुण्यांसमोर सुद्धा. "एवढां सांगूनसुदा गोळी भरवल्यानी मुक्या जनावराक." बाबा जेवत राहायचे. त्यानंतर त्यांनी बुंदीला स्वतःच्या हाताने कधी घास दिला नाही. ती ताटापाशी येऊन बसायची, आशेने, आणि ते हात मागे घ्यायचे. मला ते बघवायचं नाही, तर मी उठून आत जायची. फक्त एक केलं त्यांनी: आपली फाटकी जुनी टपालाची पिशवी उसवली, तिच्या जाड कापडाचा रुंद पट्टा शिवला, दोन्ही टोकांना मुठी केल्या. तो बुंदीच्या पोटाखालून घालून मागचं अंग अलगद उचलून धरायचं, म्हणजे तिला उठताना आणि उंबरा ओलांडताना भार पडायचा नाही. डॉक्टरबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "हे कोणी सुचवलं?" मी म्हटलं, बाबांनी. तेवढं तरी म्हटलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते आयुष्यात पहिल्यांदा उभे राहून बोलले. कुत्री म्हातारी आहे, सांधे गेलेत, लिफ्टची परवानगी द्यावी. द्यायला लागली. पेंटर आला आणि 'व पाळीव प्राणी' यावर पांढरा रंग फासून गेला. 'टपालवाले' तसंच राहिलं. ते त्यांनी मागितलंच नव्हतं. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "तां माझ्या एकट्याच्या नावाचां थोडांच आसा." पुढे त्यांचे गुडघे बदलायची वेळ आली तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं की इतकी वर्षं काय करत होतात, आणि आईने सांगितलं की गोळ्या खात होते, रोज एक. मला माहीत होतं की बुंदीच्या त्या आठवड्यात ते रोज अर्धीच खात होते. जिन्यात ते जे थांबायचे ते बुंदीसाठी थांबत नव्हते, हेही मला तेव्हाच कळलं. मी रोज सकाळी कुत्रीला उठायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजायची. त्याच घरात, त्याच वेळी दुसरं कोणीतरी पलंगाची कड धरून उठत होतं.

बुंदी त्यानंतर पावणेदोन वर्षं जगली, आणि बरी जगली. आज माझ्याकडे जी कुत्री आहे तीही म्हातारी झालीय. आता सोयी पुष्कळ आल्यात. व्यायाम करून घेणारे येतात, इंजेक्शनं आहेत, खास गाद्या मिळतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिफ्टवरून भांडणं मात्र तीच आहेत, पाटकरांच्या जागी दुसरा कोणीतरी. माझ्या फ्रीजवर मोठ्या अक्षरात कागद लावलेला आहे: हिला माणसांचं कुठलंही औषध देऊ नये. कामाला येणाऱ्या बाईला, पाहुण्यांना, जावयाला, सगळ्यांना मी ते वाचायला लावते, दोनदा. लेक म्हणते, आई, किती तोडून बोलतेस गं लोकांना. बोलते. न बोलून काय होतं ते मी पाहिलंय.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. बुंदीला गोळी त्यांनी चुकून घातली, हे आमच्या नात्यात अजून सगळे सांगतात, हसत सांगतात, आणि मी परवापर्यंत ऐकून घेत होते. हे प्रकरण मी त्यासाठी लिहिलं. आणि राग म्हणाल तर तो पाटकरांवरचा केव्हाच विरलाय. उरलाय तो माझ्यावर, आणि खरं सांगायचं तर बाबांवरही. त्या चुकीचं रजिस्टर माझ्या नावाचं होतं. दारात मी उभी होते. त्यांना नाव माहीत होतं, तरी त्यांनी सही केली.